फ्लॅट नंबर सहा, तेरा युनिट

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीत नवे मीटर बसवायला दोघेजण आले होते. जिन्याखाली, मीटरच्या बाजूच्या भिंतीत दोन मोठी भोकं आहेत. त्या दोघांतल्या एकाने विचारलं, "मॅडम, इथे काय होतं?" मी म्हटलं, "फळा." "कसला फळा?" "होता एक," असं म्हणून मी वर निघून आले. मोहोळकर काकांबद्दल बोलायला लागले की मला थांबता येत नाही, आणि त्या दोघांना अजून अकरा मीटर बसवायचे होते. म्हणून इथे लिहिते.

आधीच सांगून टाकते, मला हा माणूस अजिबात आवडत नव्हता. आजही आवडत नाही. ते हयात आहेत, शहराबाहेर मांजरीला मुलाकडे राहतात, आणि हे त्यांच्या वाचनात आलं तरी माझी हरकत नाही. त्यांनी आयुष्यभर लोकांबद्दल चारचौघांत लिहिलं, एकदा त्यांच्याबद्दल कुणीतरी लिहायला काय हरकत आहे?

मोहोळकर काका वीज कंपनीत मीटर रीडर होते. तीसेक वर्षं त्यांनी पेठांमधले जिने चढून-उतरून मीटरचे आकडे टिपले. निवृत्त झाल्यावर कंपनीने त्यांना नारळ आणि शाल दिली, पण आकडे टिपायची सवय काही काढून घेतली नाही. मूर्ती ठेंगणी, अंगात अर्ध्या बाहीचा शर्ट, खिशात छोटी वही, पेन आणि टेस्टर. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर राहायचे, मीटरच्या अगदी शेजारी. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. "तो हो, महिन्याला दोनशेवाला," असं म्हणायचे. एकदा रस्त्यात त्यांना त्यांचा शाळेतला वर्गमित्र भेटला. तो गेल्यावर काकू म्हणाल्या, "कोण होते?" काका म्हणाले, "नाव आठवत नाही. पण घरात दोन एसी आहेत, अर्थ नाही त्या माणसात."

आम्ही दुसऱ्या मजल्यावर सहा नंबरचा फ्लॅट घेतला. सामानाचा टेम्पो खाली उभा, मी घामाघूम, माझा नवरा शिरीष हमालांशी हुज्जत घालतोय, आणि हे गृहस्थ फ्रिजसमोर येऊन उभे राहिले.

"फ्रिज कुठे ठेवणार?"

"स्वयंपाकघरात," मी म्हटलं.

"ते मला समजतं. देवघरात कुणी ठेवत नाही. भिंतीपासून किती लांब?"

मी म्हटलं, अजून ठरवलं नाही. "वीतभर लांब ठेवा. मागून हवा खेळली पाहिजे. नाहीतर तो चोवीस तास धापा टाकतो आणि बिल आलं की तुम्ही." मग गिझर किती लिटरचा, पंखे किती, जुने की नवे. आमची नावं त्यांनी शेवटपर्यंत विचारली नाहीत. शिरीषला हा माणूस पहिल्याच दिवशी गमतीदार वाटला. शिरीषला बरेच जण गमतीदार वाटतात.

तिसऱ्या दिवशी मला फळ्याचा शोध लागला. रोज सकाळी सहाला काका बॅटरी घेऊन बाराही मीटर वाचायचे. कालचा आकडा आजच्यातून वजा करायचे आणि प्रत्येक फ्लॅटपुढे खडूने लिहायचे. त्यापुढे शेरा. फ्लॅट २ : टीव्ही रात्रभर कोण बघतं? फ्लॅट ९ : प्रगती आहे, टिकवावी. फ्लॅट ११ : माहेरवाशीण गेली वाटतं. आमच्यापुढे लिहिलं होतं, फ्लॅट ६ : सात युनिट. दोन माणसांना सात? येणारा-जाणारा प्रत्येक जण ते वाचून मग जिना चढत होता. खालच्या मजल्यावरच्या शेखभाभी भाजीची पिशवी घेऊन वाचत उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मनाला लावून घेऊ नका. पहिल्या रमजानला आमच्यापुढे लिहिलं होतं, पहाटे चारला दिवाळी आहे का? नंतर स्वतःच येऊन पुसलं."

"चूक कळली म्हणून?"

"नाही, रोज्याचे दिवस वजा करून नवीन सरासरी काढली."

मी संतापले. तेव्हापासून जी संतापले ती संतापलेलीच राहिले.

यात सगळ्यात वाईट गोष्ट ही, की काकांचं बरोबर असायचं. एकदा ते न बोलावता घरात आले, वहीचं एक पान फाडलं, फ्रिजच्या दारात धरून दार लावलं आणि पान अलगद ओढून काढलं. "हे दार नाही, पडदा आहे," म्हणाले. "रबर बदला." आम्ही रबर बदललं. टीव्हीखालचा तो सेट टॉप बॉक्स रात्रंदिवस जागा असतो, त्याचं बटण भिंतीवरून बंद करायचं, हे त्यांनी सांगितलं. गिझर दहा मिनिटं लावायचा, बंद करायचा आणि मगच अंघोळीला जायचं. आठवड्याची इस्त्री एकदम करायची, आणि शेवटचे हातरुमाल इस्त्री बंद केल्यावर उरलेल्या उबेवर. आमचं बिल तीन महिन्यांत जवळजवळ एक तृतीयांशाने उतरलं. हे लिहिणं माझ्या जिवावर येतंय, पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. फळ्यावर आमच्यापुढे शेरा आला, फ्लॅट ६ : समजूतदार. मला तो सातवाल्या शेऱ्यापेक्षा जास्त लागला.

त्यांच्या स्वतःच्या घरात संध्याकाळी एका वेळी एकच दिवा लागायचा. काकू स्वयंपाकघरातून बाहेर आल्या की आधी तिथला बंद करायच्या, अंधारात चार पावलं टाकायच्या, मग पुढचा लावायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, कंटाळा नाही येत?" त्या म्हणाल्या, "सवय झाली. बेचाळीस वर्षांत मी एकही दिवा रागाने लावलेला नाही." हे त्या कौतुकाने म्हणाल्या की कसं, मला कळलं नाही. पण एक मान्य करते, जिन्यातला दिवा सगळ्यांच्या पैशांचा असतो, त्याच्या उजेडात काकांनी कधी पेपरही वाचला नाही. ते ढोंगी असते तर मला फार बरं वाटलं असतं.

आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हाची गोष्ट. काका प्रसादाला आले. शिरीषची आत्या आतल्या खोलीत साडी बदलत होती. त्या खोलीचं बटण बाहेर, दाराशेजारी आहे. काकांनी तीर्थ घेतलं, हात डोक्यावरून फिरवला आणि जाता जाता बटण बंद केलं. आतून किंकाळी आली. आत्या अर्धी साडी खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली, समोर पंधरा-वीस पाहुणे.

"रिकाम्या खोलीत दिवा चालू होता," काका म्हणाले.

"मी आत होते ना," आत्या म्हणाली.

"आवाज नव्हता."

एवढंच बोलून ते प्रसादाचा द्रोण घेऊन खाली गेले. आवाज नाही म्हणजे माणूस नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. पाहुणे हसले, शिरीष तर दिवसभर हसत होता. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना सगळा फळा ओल्या फडक्याने पुसून टाकला. संध्याकाळी खराडीच्या ऑफिसातून दीड तास धक्के खात परत आले, तर फळ्यावर एकच ओळ होती. फ्लॅट ६ : फळा पुसल्याने युनिट कमी होत नाहीत.

अशी आमची दोन वर्षं गेली. मग माझी आई आमच्याकडे राहायला आली.

आईची फुप्फुसं निकामी होत चालली होती. नाशिकला एकटीने राहणं शक्य नव्हतं. डॉक्टरांनी तिला हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन लावायला सांगितलं, विजेवर चालणारं, चोवीस तास. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक मशीनला, मशीनचं भिंतीला. "हे चालू तोवर मी चालू," असं ती स्वतःच म्हणायची. लाईट गेली तर म्हणून पलंगाशेजारी एक छोटा सिलिंडर होता, पण त्याची चावी इतकी घट्ट की ती फिरवायला दुसरं माणूस लागायचं. तिला आणलं तेव्हा काका-काकू आठवडाभर मुलाकडे मांजरीला होते. आई म्हणाली, "इमारतीत कुणाला सांगू नकोस. लोक भेटायला येतात आणि किती दिवस उरलेत ते तोंडाकडे बघून मोजतात." मी कुणालाच सांगितलं नाही. पण खरं सांगायचं तर, आईने उलट सांगितलं असतं तरी मी मोहोळकरांना सांगितलं नसतं.

काका परत आले आणि फळ्यावर आमचा आकडा पाचावरून तेरावर गेलेला दिसला. पहिल्या दिवशी पुढे शेरा नाही. दुसऱ्या दिवशी एक प्रश्नचिन्ह. चौथ्या दिवशी तीन. मला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. अख्ख्या पेठेचा वापर तोंडपाठ असलेल्या माणसाला आमच्या दोन खोल्यांचा हिशेब लागत नव्हता.

मग ते दारात आले. मी सेफ्टी डोअर न उघडताच बोलले. "नवीन काही घेतलं का?" "नाही." "पाहुणे?" "नाही." गेले. दोन दिवसांनी परत आले, हातात टेस्टर. "मला फक्त बोर्ड बघू द्या." मी म्हटलं, आत्ता सोयीचं नाही. तिसऱ्यांदा आले तेव्हा त्यांची दाढी वाढलेली होती.

"अहो, मीटर एकसारखा चालतोय," ते म्हणाले. "फ्रिज मधेमधे थांबतो. गिझर बंद होतो. हे जे काही आहे ते थांबतच नाही. वायरिंगमध्ये गळती असली तर भिंत तापते, आग लागते. मी बघितलेलं आहे."

"आमचं आम्ही बघू."

"मला झोप लागत नाही हो."

"मग दिवा लावून वाचत बसावं आपण," मी म्हटलं.

ते खाली गेले. मी हा संवाद शिरीषला जेवताना दोनदा ऐकवला, त्यांचा आवाज काढून. तो म्हणाला, "सांगून टाक ना त्यांना. म्हातारा माणूस आहे." मी म्हटलं, "झोप नाही लागली तर वीज वाचते का, तेही लिहू दे फळ्यावर."

आईजवळ दिवसा सुनीता असायची. मांजरीकडून दोन बस बदलून यायची, हाताने कामसू, बोलायला कमी. मार्चमधली दुपार होती. आईचं एक औषध संपलं म्हणून सुनीता कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. आईला उठून कडी लावता-काढता येत नव्हती, म्हणून ती जाताना बाहेरून कुलूप लावायची. तशीच आमची पद्धत होती. दुकानात गर्दी होती.

त्याच सुमाराला काका जेवण उरकून मीटरपाशी आले. आमच्या मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता. ते दोन जिने चढून वर आले, कुलूप बघितलं, तरीही दार वाजवलं. आतून आवाज आला नाही. आईने नंतर मला सांगितलं, "कुणीतरी वाजवत होतं. मी ओ दिली. पण माझी ओ नळीच्या बाहेर जाईना." काका खाली गेले. बंद घर, चालता मीटर, म्हणजे भिंतीत गळती. त्यांनी आमचा मेन स्विच खाली ओढला. मग फळ्यावर लिहिलं. फ्लॅट ६ : घराला कुलूप असून मीटर चालू. वायरिंगमध्ये गळती आहे. मेन बंद केला आहे. आल्यावर भेटावे. फ्रिजचे दार उघडू नये.

वीज गेली की ते मशीन शिटी वाजवतं. भरदुपारी दुसऱ्या मजल्यावर ती ऐकायला कुणी नव्हतं.

सुनीता आली, तिने फळा वाचला, औषधाची पिशवी तिथेच टाकली, मेन वर केला आणि धावली. मला खराडीला फोन आला, "ताई, आजी बोलंना झाल्यात. व्हट निळं पडल्यात. शेखभाभींनी गाडी बोलावलीय, तुमी सरळ दवाखान्यात या." खराडीहून दवाखान्यापर्यंत मला सव्वा तास लागला. त्या सव्वा तासात मी मोहोळकरांना जे जे म्हटलं ते रिक्षावाल्याने ऐकलं असणार, कारण मी मोठ्याने बोलत होते.

आई वाचली. नऊ दिवस अतिदक्षता विभागात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शिरीष कपडे न्यायला घरी आलो, तर काका मीटरपाशी उभे होते. रात्रभर झोपले नसावेत.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या आईला मारलं असतं."

"हो," ते म्हणाले.

"बस? हो? माफी मागायचीसुद्धा लाज वाटते?"

त्यांनी मीटरकडे बघितलं. मग म्हणाले, "मशीन किती वॅटचं आहे?"

माझा हात उठला. शिरीषने तो वरच्या वर धरला आणि, का कुणास ठाऊक, उत्तरही त्यानेच दिलं. "साडेतीनशे."

"साडेतीनशे," काका म्हणाले. त्यांनी बोटांवर काहीतरी केलं. "चोवीस तासांचे आठ. पाच आणि आठ तेरा." मग ते जिन्याच्या पायरीवर खाली बसले आणि त्यांनी डोकं गुडघ्यांना लावलं. मी त्यांच्या बाजूने साडी आवरून वर गेले. मला त्यांची दया आली नाही. असा हिशेब जुळवणाऱ्या माणसाची काय दया करायची, असंच मला वाटलं.

आम्ही आईला घरी आणलं तेव्हा फळा गेलेला होता. मीटरच्या लाकडी पेटीला नवी कडी आणि कुलूप. काकू वर आल्या, किल्ली माझ्या हातात दिली. "एकच आहे. तुमच्याकडेच ठेवा म्हणालेत." त्यानंतर मी काकांना मीटरजवळ कधी पाहिलं नाही. सकाळी सहाला ते इमारतीच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून उभे असायचे.

शिरीष पोलिसांत जायचं म्हणत होता. आईने जाऊ दिलं नाही. "त्याने काय मला बघून बंद केलं का?" म्हणाली. मग मला विचारलं, "तू त्याला सांगितलंच नव्हतंस का गं?"

"तूच म्हणालीस, कुणाला सांगू नकोस."

"हो," आई म्हणाली. "मीच म्हणाले." आणि तिने डोळे मिटले. ती थकली होती.

इमारतीतले लोक पहिला आठवडा माझ्या बाजूने होते. नंतर एकेकाचा सूर बदलला. शेखभाभी एकदा जिन्यात म्हणाल्या, "तुमचं दुःख मला कळतं, मी होते ना गाडीत. पण फळा गेल्यापासून आमच्या घरात कुणी पंखासुद्धा बंद करत नाही. माणूस वाईट नव्हता हो." मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही. वाईट माणूस कसा असतो, ते मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी तळमजल्याकडे बोट दाखवलं असतं.

आई त्या हिवाळ्यात गेली. डॉक्टर म्हणाले, त्या दुपारचा याच्याशी संबंध नाही, आजारच तसा होता. मी मान डोलावली. काका भेटायला आले, पण उंबऱ्याच्या आत आले नाहीत. काकू आत येऊन बसल्या, तेवढा वेळ ते बाहेर चपला हातात धरून उभे होते.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी घर विकलं. मुलाने मांजरीला मोठा फ्लॅट घेतला होता. मी मंडईतून येत होते, दोन्ही हातांत पिशव्या, तर दारात टेम्पो भरलेला आणि काका ड्रायव्हरच्या शेजारी बसलेले. मला बघून ते खाली उतरले. त्या उंच पायरीवरून उतरायला त्यांना वेळ लागला. मला वळून जाता आलं असतं, पण जिना त्यांच्या मागे होता.

"एक विचारायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "भांडायला नाही विचारत. मी तीनदा आलो होतो तुमच्या दारात. मला सांगितलं का नाहीत?"

उत्तर माझ्याजवळ तयार होतं. आईने नको म्हटलं होतं, हे सांगता आलं असतं. ते अर्धं तरी खरं होतं. पण ते माझ्याकडे असे बघत होते, की अर्धं सांगितलं असतं तर उरलेलं त्यांनी वजाबाकी करून काढलं असतं.

"विसरले," मी म्हटलं.

अर्ध्या युनिटावरून लोकांशी वाद घालणारा माणूस. मला वाटलं, आता काहीतरी तिरकस येणार. त्यांनी माझ्या हातातल्या पिशव्यांकडे बघितलं.

"होतं असं," ते म्हणाले. "घरात आजारपण असलं की माणूस विसरतो." आणि दांडी धरून परत वर चढले.

टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत मी पिशव्या खाली न ठेवता तिथेच उभी होते. मी विसरले नव्हते.